कॅरेक्टर आधी ठरवायचं की फाशांवर सोडायचं? (डीअँडडी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं वठवायचा फाशांचा खेळ; जुन्या-नव्या आवृत्त्या)

फासेवाली: नवीन कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी गोष्ट) सुरू करतेय. चार खेळाडू, चौघेही नवखे. आजवर मी 2014ची पाचवी आवृत्ती चालवली. आता 2024चं पुस्तक आलंय आणि 1981ची बेसिक ही जुनी आवृत्तीही वाचून झालीय. नवखे लोक इंटरनेटवरून आयतं बिल्ड (पात्राचे आधीच जमवलेले आकडे आणि पर्याय) उचलून आणतात. कागदावर सगळं चोख, पण तिसऱ्या सेशनलाही आपलं पात्र कोण आहे हे त्यांना सांगता येत नाही. मला कॅरेक्टर टेबलावरच, सगळ्यांसमोर घडायला हवंय. कुठली पद्धत घेऊ?

जुना_डीएम: बेसिक, दुसरा विचारच करू नका. तीन फासे सहा वेळा टाकायचे आणि बेरजा पडतील त्याच क्रमाने पात्राच्या सहा गुणांपुढे लिहायच्या. आमच्यातल्या एकीला पडले: ताकद 7, बुद्धी 9, शहाणपण 14, चपळाई 8, काटकपणा 11, करिष्मा 15. तिला फायटर (लढवय्यी) हवी होती, झाली क्लेरिक (पुजारीण). त्यात बेसिकच्या क्लेरिकला पहिल्या लेव्हलला एकही मंत्र नसतो. पण करिष्मा 15 म्हणजे पाच चाकर ठेवायची मुभा, आणि समोर येणाऱ्याच्या प्रतिक्रियेच्या फाशावर +1. तिने सोनं वाचवून माणसं जोडायला सुरुवात केली. दुसरा दरवाजा उघडेपर्यंत ती अख्ख्या चमूची म्होरकी झाली होती. असं बिल्ड कुणी आधी लिहून आणलंच नसतं.

एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग या वंशजाती तिथे क्लासच, म्हणजे पात्राचे पेशेच, आहेत, त्यामुळे निवडही झटपट होते. पाव तासात खेळ सुरू.

फीटप्रेमी: तिसऱ्या आवृत्तीची बाजू मांडतो, कारण तिचं श्रेय तिला मिळत नाही. त्याआधी प्रत्येक गुणाचा वेगळा तक्ता होता. फायटरला ताकद 18 आली की वर शंभरापर्यंतचा आकडा टाकायचा. 2000 साली सगळ्यांना एकच नियम आला: अंकातून 10 वजा करा, निम्मे करा. 16 म्हणजे +3, गुण कुठलाही असो. शिवाय कुठलीही वंशजात, कुठलाही क्लास. पण तुमच्या चौघांना ती देऊ नका. पहिल्या लेव्हलला चौपट स्किल पॉइंट वाटायचे आणि सहाव्या लेव्हलच्या प्रेस्टीज क्लाससाठी (पुढे मिळणाऱ्या खास पेशासाठी) लागणारं फीट, म्हणजे खास कसब, आजच राखून ठेवायचं, हे ज्याला आवडतं त्याच्यासाठी मेजवानी आहे. नवखा तिथे पुन्हा आयतं बिल्डच शोधेल.

फासेवाली: आणि 2024?

जुना_डीएम: त्यात अडचण फक्त जागा बदलून बसलीय. 2014मध्ये अंकांची वाढ वंशजातीतून यायची, म्हणून हाफ-ऑर्क वंशाचा विझार्ड (जादूगार) बुद्धीत मागे पडायचा. आता ती बॅकग्राउंडमधून, म्हणजे पात्राच्या आधीच्या आयुष्यातून, येते. सोल्जर (सैनिक) घेतलात तर वाढ फक्त ताकद, चपळाई, काटकपणा यांत. म्हणजे माजी सैनिक असलेली विझार्ड, हे सुंदर पात्र, बुद्धीच्या वाढीला मुकतं. मग खेळाडू सेज (विद्वान) घेतो, आणि पात्राचा भूतकाळ गणित ठरवतं. मला हे मनापासून खटकतं. स्वभाव, आदर्श, बंध, दोष यांचे 2014चे तक्तेही बॅकग्राउंडमधून गेले. नवख्यांना बोलतं करायला तेच सगळ्यात कामाचे होते.

फासेवाली: मग 2024 चालवून फासे बेसिकचे घेतले तर?

फीटप्रेमी: तीन फासे नको. बेसिकमध्ये 9 ते 12 ला काहीच कमी-जास्त नाही, इथे 9 लाच -1 बसतो. चार फासे टाका, सगळ्यात छोटा काढा. सरासरी साडेदहावरून सव्वाबाराच्या आसपास जाते. क्रम मात्र मोडू नका, फार तर दोन आकड्यांची एकदा अदलाबदल करू द्या.

जुना_डीएम: हे मान्य. आणि बॅकग्राउंडची वाढ हवी त्या गुणांवर लावू द्या.

फासेवाली: ठरलं. चार फासे क्रमाने, एक अदलाबदल, वाढ मोकळी, आणि 2014चे तक्ते झेरॉक्स काढून टेबलावर. पहिल्या सेशनला कॅरेक्टर शीट कोरी घेऊन या, असा मेसेज आत्ताच टाकते.