पेलेट ग्रिल घ्यायचंय, कोणतं घ्यावं? (न्यू जर्सी, बजेट हजार डॉलर)

जर्सीचा_खवय्या

नमस्कार मंडळी,

मागच्या वर्षी घर घेतलं, मागे लाकडी डेक आणि त्याला लागून छोटा सिमेंटचा पॅटिओ आहे. सध्या दोन बर्नरचं गॅस ग्रिल वापरतोय पण त्यावरच्या चिकनला धुराची चव म्हणून काही येत नाही. शेजाऱ्याकडे ट्रेगर कंपनीचं पेलेट ग्रिल (दाबलेल्या लाकडी भुशाच्या बारीक कांड्यांवर, म्हणजे पेलेट्सवर चालणारं) आहे, तो सकाळी काहीतरी आत ठेवतो, मग दिवसभर लॉन काप, मुलांशी खेळ असं चालू असतं आणि संध्याकाळी सगळं तयार, वास तर असा सुटतो की आमची पोरं कुंपणापाशी जाऊन उभी राहतात. तेव्हापासून पेलेट ग्रिल डोक्यात बसलंय.

आम्ही चौघं, पण उन्हाळ्यात मित्रमंडळी जमतात तेव्हा १५-२० जण सहज होतात. जूनमध्ये सासू-सासरे येतायत, ते पूर्ण शाकाहारी. बीफ आम्ही करत नाही त्यामुळे यूट्यूबवरच्या ब्रिस्केटच्या व्हिडिओंचा काही उपयोग नाही. आमचं म्हणजे चिकन, मटण, मासे, पनीर, कणसं आणि वांग्याचं भरीत.

ट्रेगर, पिट बॉस, कॅम्प शेफ, वेबर यात नक्की फरक काय? साइझ केवढा घ्यावा? तंदुरी चिकनला कडेने तो काळपट डाग येतो तसा यावर येतो का? आणि व्हेज-नॉनव्हेज एकाच ग्रिलवर कसं सांभाळता?

ऑस्टिनकर

आमच्याकडे पेलेट ग्रिल बरीच वर्षं आहे, आणि टेक्सासात राहतो म्हणजे आजूबाजूला पोस्ट ओकच्या ओंडक्यांवर करणारे लोक भरपूर, त्यामुळे दोन्ही चवी माहीत आहेत. ब्रँडच्या आधी आत काय चालतं ते बघा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतील. बाजूच्या हॉपरमध्ये (डब्यात) पेलेट्स भरायचे, खालचा ऑगर (स्क्रूसारखा दांडा) मोटरवर फिरत ते थोडे थोडे मधल्या फायरपॉटमध्ये ढकलतो, तिथे इग्नायटर रॉड ते पेटवतो आणि पंखा हवा देतो. सेन्सर आतलं तापमान बघतो, त्यावरून कंट्रोलर ऑगर कमी-जास्त करतो. फायरपॉटच्या वर जाड पत्रा आणि त्यावर ग्रीस ट्रे, म्हणजे ज्वाळ अन्नाला लागतच नाही. लाकडावर चालणारा फॅनचा ओव्हन म्हणा ना.

तुमच्या तंदुरीचं उत्तर यातच आलं. साध्या पेलेट ग्रिलवर चिकन छान शिजतं, रसदार राहतं, धूरही लागतो, पण ते काळे डाग येत नाहीत कारण खालून थेट आच नाही. म्हणून तुमच्या यादीकडे बघून मी म्हणेन की थेट ज्वाळेची सोय असलेलंच मॉडेल घ्या. पिट बॉसच्या बऱ्याच मॉडेलमध्ये मधला पत्रा सरकवून ज्वाळ उघडी करता येते, कॅम्प शेफच्या वुडविंडमध्येही तशी सोय आहे शिवाय राख एका कपात पडते ती खालून काढून फेकता येते, वेबरचं सीअरवुड तर ६०० डिग्री फॅरनहाइटपर्यंत जातं. ट्रेगरची प्रो सिरीज मजबूत आणि वापरायला सगळ्यात सोपी पण ज्वाळ झाकलेलीच. हे यंत्र मुळात ट्रेगरचंच, ओरेगनमधल्या ज्यो ट्रेगरनी १९८० च्या दशकात पेटंट घेतलं आणि ते संपेपर्यंत बाजारात दुसरं कोणी जवळपास नव्हतंच, म्हणून अजूनही लोक कुठल्याही पेलेट ग्रिलला ट्रेगर म्हणतात. नावावर जाऊ नका.

कंट्रोलर पीआयडी (तापमान सतत बघून आच बारीक-बारीक जुळवत राहणारा) आहे ना एवढं मात्र बघाच. जुन्या पद्धतीच्या कंट्रोलरवर २२५ (सगळे आकडे फॅरनहाइटचे) लावलं तर कधी २०० कधी २६० असं हेलकावत राहतं, पीआयडीवर फार हलत नाही.

साइझ: मॉडेलच्या नावातला आकडा बऱ्याचदा साधारण चौरस इंच असतो, ५७५, ७८० वगैरे (सगळीकडे नाही, स्पेसिफिकेशन वाचा). १५-२० माणसांसाठी ७५० च्या आसपास घ्या. त्यातही वरच्या छोट्या रॅकचे इंच धरलेले असतात, खालची जाळी केवढी ते वेगळं बघा, दाटीवाटीने पीस लावले की मधली हवा फिरत नाही आणि कडेचे झाले तरी मधले कच्चे राहतात.

आणि मटण! बीफ करत नाही म्हणून अजिबात वाईट वाटून घेऊ नका, बकऱ्याची आख्खी लेग यावर काय होते ते एकदा बघाच. हलाल दुकानात न कापता द्या म्हणून सांगायचं, खोल चिरा देऊन दही, आलं-लसूण, हळद, मीठ, काळा मसाला लावून रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी २२५ वर ठेवून द्यायची. आतलं तापमान १६०-१६५ झालं, वरून गडद तपकिरी पापुद्रा धरला की दुहेरी फॉइलमध्ये थोडा मटणाचा रस्सा नाहीतर नुसतं पाणी घालून गच्च बांधायची आणि ग्रिल २७५ करायचं. आत २०० च्या आसपास गेलं की हाडापासून मांस चमच्याने सुटतं. सहा तास धरा, सातही लागतात, घड्याळापेक्षा प्रोबवर (मांसात खुपसायच्या थर्मामीटरवर) विश्वास ठेवा. फॉइलमध्ये जमलेलं पाणी फेकू नका, त्याचाच रस्सा करा, त्यात धूर उतरलेला असतो.

खानदेशी_मिशिगन

ऑस्टिनकरांशी सहमत. मी भरिताबद्दल लिहितो कारण आमच्या घरात ग्रिल त्याच्यासाठीच आलं.

जळगावकडे भरताची वांगी काटक्यांवर भाजतात, कपाशीच्या नाहीतर तुरीच्या, आणि ती चव गॅसवर कधीच येत नाही हे तिकडच्या कोणालाही विचारा. इथे ती हिरवी पांढऱ्या रेघांची वांगी मिळत नाहीत, मी मोठी जांभळी घेतो पण वजनाला हलकी बघून, जड वांग्यात बिया जास्त. सुरीने टोचून आत दोन-तीन लसणाच्या पाकळ्या खोचायच्या, तेलाचा हात लावून १८०-२०० वर अर्धा तास ठेवायचं. पेलेट ग्रिलमध्ये धूर कमी तापमानालाच जास्त होतो, आच वाढवली की पेलेट्स स्वच्छ जळतात आणि धूर जवळजवळ दिसतही नाही, त्यामुळे हा अर्धा तास टाळू नका. मग ४२५ करून वांगं पार खाली बसेपर्यंत, मधे एकदा फिरवून. शेवटी देठाला धरून ज्वाळेवर नाहीतर सरळ गॅस ग्रिलवर दोन मिनिटं, सालं कडक झाली पाहिजेत. सोलून, ठेचून, त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा, कांद्याची पात, तळलेले शेंगदाणे. कळण्याची भाकरी जमली तर उत्तमच.

पनीर आधी कोमट मिठाच्या पाण्यात ठेवा म्हणजे चिवट होत नाही, मोठी लादीच २०० वर अर्धा-पाऊण तास ठेवून नंतर कापा. कणसं ४०० वर, सालासकट.

शाकाहाराचं म्हणाल तर आमच्या आई येतात तेव्हा त्यांच्यासाठी जाळीचा वेगळा सेट आणि वेगळा बिडाचा तवा आहे, ग्रीस ट्रेवर नवीन फॉइल, आणि व्हेज सगळं आधी उरकून घ्यायचं. त्यांना तेवढं चालतं. पण पेटी एकच आणि झाकणाला आतून चरबीचा थर असतोच, काहींना ते चालत नाही, म्हणून सासूबाईंना आधी नीट सांगा आणि त्या म्हणतील तसं करा. चालत नसेल तर त्यांच्यासाठी गॅस ग्रिल राखून ठेवा, विकू नका.

कोळसाच_बरा

थोडं वेगळं मत. तुमच्या यादीत तंदुरी, मासे, कणसं, भरीत. यातल्या कशालाच आठ तासांचं मंद शिजवणं लागत नाही, लागते ती खणखणीत आच. २२ इंची केटल (झाकणाचं गोल कोळशाचं ग्रिल) घ्या, लम्प कोळसा (लाकडाच्या तुकड्यांचा) घ्या, चिमणी स्टार्टरमध्ये (कोळसा पेटवायच्या नळकांड्यात) १५-२० मिनिटांत निखारे फुलतात. सीख कबाब निखाऱ्यावर धरला की चरबी खाली ठिबकते आणि तिचाच धूर परत कबाबला लागतो, ती चव पेलेटवर मिळत नाही. कोळसे एका बाजूला ढकलून झाकण लावलं की मंद आचेवरही होतं, फक्त स्वतः लक्ष द्यावं लागतं. वीज नको, मोटर नको, सेन्सर नको. पैसेही कितीतरी कमी लागतात. लक्ष द्यायला आवडत असेल तर हेच घ्या.

जर्सीचा_खवय्या

सगळ्यांचे मनापासून आभार, मटणाच्या लेगचं वाचून बायकोने तर तारीखच ठरवली. @कोळसाच_बरा, तुमचं पटतंय, पण १५ माणसं आली की मला ग्रिलपाशी उभं राहायचं नाहीये, लोकांशी बोलायचंय, पेलेटकडे ओढा त्यासाठीच आहे. सीख कबाबला छोटी केटल पुढे-मागे घेईन. आता सांगा, डेकवर ठेवलेलं चालतं का, पावसाचं, थंडीचं काय, आणि देखभाल किती?

पेच_आणि_पाना

मी मित्रांची दोन-तीन ग्रिलं उघडून दुरुस्त केलीयत, त्यातलं सांगतो.

पॅटिओ आहे तर पॅटिओवरच ठेवा, घराच्या भिंतीपासून लांब, व्हायनल सायडिंग (भिंतीवरचं बाहेरचं प्लॅस्टिकचं आवरण) उष्णतेने वितळतं. डेकवरच ठेवायचं झालं तर खाली ग्रिल मॅट घाला. टाउनहाऊस किंवा एचओए (घरमालकांची सोसायटी) असेल तर आधी नियम वाचा. प्लग बाहेरच्या जीएफसीआय (शॉक लागायच्या आत वीज तोडणाऱ्या) आउटलेटमध्येच, एक्सटेन्शन लागलीच तर बाहेर वापरायची जाड वायरची. वीज फार खात नाही, पेटवताना साधारण ३०० वॉट आणि नंतर १०० च्या आत. वायफाय बहुतेक ग्रिलांना २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं, जोडणी होत नसेल तर आधी ते बघा.

राख आणि चरबी ही दोन कामं टाळायची नाहीत. फायरपॉटमध्ये राख साठली की इग्नायटर झाकला जातो, पेलेट्स नीट पेटत नाहीत आणि पडतच राहतात. थंड ग्रिलमधून शॉप व्हॅकने (वर्कशॉपच्या व्हॅक्यूमने) राख ओढून घ्या, दोन-चार वेळा वापरलं की एकदा. पूर्ण थंड, हे महत्त्वाचं, आत एखादा निखारा असला तर व्हॅक पेटेल. ग्रीस ट्रे खरवडा, बादली रिकामी करा, ग्रिलला आग लागते ती बहुतेक वेळा या चरबीची. आणि मधेच आग विझली तर लगेच परत स्टार्ट दाबू नका. फायरपॉट न जळलेल्या पेलेट्सनी भरलेला असतो, तो एकदम पेटला तर झाकण उडण्याइतका भडका होऊ शकतो. बंद करा, थंड होऊ द्या, जाळी-पत्रा काढून पॉट रिकामा करा, मग पेटवा. काम झाल्यावर पण प्लग ओढायचा नाही, शटडाउन दाबून पंखा आपोआप थांबेपर्यंत थांबायचं, नाहीतर आग ऑगरमधून मागे हॉपरकडे सरकू शकते.

थंडीत चालतं, पेलेट्स जास्त लागतात एवढंच. त्याच मॉडेलचं इन्सुलेटेड ब्लँकेट मिळतं.

जर्सीचा_खवय्या

हे सगळं प्रिंट काढून गॅरेजमध्ये लावतो. ज्वाळेची सोय आणि राखेचा कप दोन्ही आहे म्हणून कॅम्प शेफकडे कल झालाय, मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सेलपर्यंत थांबतो. पेलेट्स कोणते आणि किती घ्यायचे?

ऑस्टिनकर

चांगली निवड. २२५ ला तासाला साधारण एक पौंड जातो, ४५० ला दोनाच्या वर, म्हणजे २० पौंडांच्या दोन पिशव्या सुरुवातीला पुरतात. चिकन-पनीरला ॲपल किंवा चेरीच्या लाकडाचे, मटणाला हिकरी, मेस्कीट फार उग्र, आपल्या मसाल्यांवर चढतो. पिशवीवर मोठ्या अक्षरात हिकरी असलं तरी आत बऱ्याचदा ओक किंवा ऑल्डरमध्ये थोडीच हिकरी असते, मागचं बारीक लिहिलेलं वाचा. घर गरम करायच्या शेगडीचे पेलेट्स स्वस्त मिळतात ते चुकूनही घेऊ नका, त्यात पाइनसारखं मऊ लाकूड असू शकतं, ते खाण्यासाठी नाहीत.

पेलेट म्हणजे दाबलेला भुसा, ओल लागली की फुगून परत भुसा होतो आणि ऑगरमध्ये सिमेंटसारखा बसतो, मग पेच_आणि_पाना यांना बोलवावं लागतं :) जर्सीच्या दमट हवेत हॉपरमध्ये आठवडेच्या आठवडे ठेवू नका, झाकणाच्या बादलीत गॅरेजमध्ये ठेवा. दुकानात पिशवी हलवून तळाशी भुसा किती जमलाय बघा, जास्त असेल तर दुसरी उचला. चांगला पेलेट चकचकीत असतो आणि कट्‌कन तुटतो.

ग्रिल आलं की पहिल्यांदा रिकामंच ३५०-४०० वर पाऊण तास चालवा, कारखान्यातलं तेल जळून जाऊ दे, मॅन्युअलमध्ये दिलेलं असेलच. काळ्या मसाल्याचं प्रमाण बायकोला विचारून उद्या टाकतो.