मदत हवी आहे: थंडीत घराची कामं हातात घेववत नाहीत, सुरुवात कुठून करू?

औसेकर
ठिकाण औसा, जि. लातूर. आरसीसी घर, गच्ची साधारण ६०० चौरस फूट. पावसाळ्यात केलेली यादी तशीच पडून आहे: गच्चीच्या भेगा, हॉलच्या भिंतीला खालून लागलेला लोणा (ओलीनं फुटणारा खार), खिडकीच्या कोपऱ्यातली तिरपी भेग, मोरीतला गळका नळ, पावसाळ्यात घट्ट झालेलं दार, आणि रंग. रविवार तेवढा हाताशी. सकाळी गारठ्यात काही सुचत नाही, दुपारी जेवून बसलं की उठवत नाही, सहाला अंधार. घरच्या दोघांनी होण्यासारखं काय आहे, कोणत्या क्रमानं घ्यावं, आणि उरक कसा टिकवावा? जाणकारांनी सांगावं.

ओळंबा
भाऊ, रंग यादीतून आत्ताच काढा, तो फेब्रुवारीचा आहे. यादी डोक्यावर बसते ती त्याच्यामुळं. बाकीची कामं उन्हाच्या वेळेला बांधून घ्या, मग उत्साह येण्याची वाट बघावी लागत नाही.

गच्चीवर सकाळी दव असतं, दहाच्या आधी तिथं हात लावूच नका. तोवर घरातलं एक लहान काम करायचं. पहिल्या रविवारी नळ. वरचा कॉक बंद करून नळ खोला, जुन्या पद्धतीचा पितळी असेल तर अर्ध्या इंची वायसर बदला. बोअरच्या पाण्याचा क्षार बसण्याच्या जागेवर जमलेला असतो, तो घासून काढला नाही तर नवीन वायसरही आठ दिवसांत कापला जातो. काम अर्ध्या तासाचं, पण यादीतली एक ओळ कटते आणि तुम्ही अंथरुणातून बाहेर पडलेले असता.

सामान शनिवारी रात्रीच एका बादलीत भरून जिन्यात ठेवा: तारेचा ब्रश, छन्नी, हातोडी, पट्टी, क्रॅक फिलर, तीन इंची ब्रश. रविवारी दुकान गाठायची वेळ आली की तो रविवार गेलाच म्हणून समजा.

अकरा ते तीन गच्ची. केसासारखी भेग असली तरी वरून नुसता फिलर फासू नका, तो सालीसारखा निघतो. छन्नीनं भेग साधारण ५ मिमी रुंद आणि तेवढीच खोल उघडा, ब्रशनं धूळ काढा, मग दाबून भरा. कठडा आणि स्लॅब मिळतात तो कोपरा सगळ्यात जास्त गळतो. तिथं १:३ सिमेंट-वाळूचा वाटा (कोपरा गोलसर भरून घेणं) द्या आणि सात दिवस पाणी मारा. थंडीत सिमेंट सावकाश धरतं, त्यामुळं दोन दिवसांत वरून घट्ट दिसलं म्हणून पाणी थांबवू नका.

गच्चीचं वॉटरप्रूफ कोटिंग त्यानंतरच्या रविवारी. पहिला हात पाणी घालून पातळ, दुसरा आडवा. शेवटचा हात तीनच्या आत संपवा. संध्याकाळी मारलेल्या ओल्या थरावर रात्री दव पडलं की तो पांढुरका होतो, धरत नाही. पारा १० अंशांखाली जाणाऱ्या दिवसांत हे काम पुढं ढकला.

औसेकर
नक्की कुठून गळतं ते आधी कसं ओळखावं? दोन ठिकाणी छत ओलं दिसत होतं, भेगा मात्र पुष्कळ आहेत.

ओळंबा
भेगा भरायच्या आधी पाणी भरून बघा. पावसाच्या पाइपाच्या तोंडाला चिंधी कोंबून सरासरी एक इंच पाणी ४८ तास ठेवा. ६०० चौरस फुटांना सुमारे १,४०० लिटर लागतं. म्हणूनच हे काम आत्ताचं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये गच्चीवर ओतायला पाणी कुठलं?

शेजारी भरलेली बादली ठेवा, दोन्हीकडं पेन्सिलीची खूण करा. बादलीतलं पाणी उन्हानं जेवढं घटेल तेवढंच गच्चीवरचं घटलं तर गळती नाही. जास्त घटलं तर खाली छतावर ओल उमटते तिथं खडूनं गोल करा. पाणी उतारानं सरकतं, त्यामुळं भेग बरोबर डोक्यावरच असेल असं नाही. उपसलेलं पाणी झाडांना द्या आणि आठवडाभर गच्ची सुकू द्या.

काळी माती
लोण्याचं काम याच आठवड्यात सुरू करा, कारण त्यात हातापेक्षा वाट बघणं जास्त. डागाच्या वर एक फुटापर्यंत गिलावा विटेपर्यंत खरवडा, खार कोरड्या ब्रशनंच झाडा. धुतला तर मीठ परत विटेत मुरतं. तीन आठवडे भिंत उघडी ठेवा, डिसेंबरची कोरडी हवा त्यासाठी उत्तम. मग १:४ गिलावा, ५० किलोच्या पोत्याला २०० मिली वॉटरप्रूफिंग लिक्विड, सात दिवस पाणी, आणि २८ दिवसांनी प्रायमर. म्हणजे रंग फेब्रुवारीतच येतो. बाहेरून माती जोत्याच्या वर चढली असेल तर ती आधी उकरा, नाहीतर हे सगळं वाया.

तिरप्या भेगेवर लगेच लांबी (पुट्टी) लावू नका. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि घराला हलवते. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पीओपीनं चिकटवा, तारीख लिहा. मेपर्यंत काच तडकली तर भेग चालती आहे, तिथं इंजिनिअर दाखवा.

दाराला रंधा मारायचा असेल तर थांबा. लाकूड थंडीत आकसतं. आत्ता घासत नसेल तर बिजागरीचे स्क्रू आवळा आणि उघड्या कडांना वार्निश द्या, पावसाळ्यात ओल कमी पिईल.

शिवारातून
आमच्या गावच्या माळवदावरही (लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छत) हेच कोटिंग चालेल का? दरसाल वरून पांढरी माती टाकतो.

काळी माती
नाही चालणार. कोटिंग मातीवर धरत नाही. आणि दरसाल नुसती भर घालू नका, वजन वाढत जातं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदं यांनीच माणसं गाडली. आधी जुना सुटा थर खोऱ्यानं उतरवा, जेवढा उतरला तेवढाच नवा घाला, उतार पन्हाळीकडं ठेवा. एखादी तुळई वाकलेली किंवा किडलेली दिसली तर वर माती चढवण्याआधी ती बदला.