फ्रेंडशिप शिखराच्या माथ्याखालून परत फिरलो. घाई केली का?

आडवाट

नमस्कार. आम्ही पुण्याचे चौघे गेली आठ-नऊ वर्षे सह्याद्रीत हिंडत आहोत. अलंग-मदन-कुलंग, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट या वाटा पायाखालच्या आहेत, पण बर्फावर आमच्यापैकी कोणीच कधी चढले नव्हते. यंदा जूनमध्ये मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखरावर (5,289 मीटर) गेलो. सोलंग, धुंडी, बकरथाच असे करत लेडी लेगच्या छावणीत पोहोचलो, एक दिवस क्रॅम्पॉन (बुटांखाली पट्ट्याने बांधायचे धातूचे दात) घालून चालण्याचा आणि घसरल्यास बर्फात रोवायच्या कुदळीने, म्हणजे आइस अ‍ॅक्सने स्वतःला अडवण्याचा सराव केला, आणि रात्री एक वाजता एका मार्गदर्शकांबरोबर निघालो. सकाळी नऊ वाजता जिथे असू तिथून परतायचे, असे त्यांनी आदल्या संध्याकाळी बजावले होते.

नऊ वाजता आम्ही शेवटच्या धारेच्या पायथ्याशी होतो. माथा स्वच्छ दिसत होता, वारा नव्हता. "एवढे आलो आहोत, आता कशाला परतायचे?" असे एक मित्र म्हणाला, मार्गदर्शकांनी निर्णय आमच्यावर सोपवला आणि आम्ही पुढे निघालो. नऊ चाळीसच्या सुमारास मैत्रिणीच्या क्रॅम्पॉनचा पट्टा सुटला. ती वाकून तो बकलात ओवू लागली, पण पट्ट्याचे टोक दर वेळी बकलाच्या बाजूने निसटत होते आणि ती पुन्हा तेच करत होती. चार-पाच वेळा असे झाल्यावर "राहू दे, मी लावते," म्हणून मी गुडघ्यावर बसले, तर ती म्हणाली, "लावला की." पट्टा तसाच लोंबत होता. पहाटेपासून तिचे डोके दुखत असल्याचे तेव्हा कुठे समजले. मी परतायचे म्हटले आणि आम्ही परतलो.

ती आता ठणठणीत आहे. मित्राचे म्हणणे असे की, आम्ही दोघी तिथेच थांबलो असतो तर बाकीचे दोघे मार्गदर्शकांबरोबर तासाभरात माथ्याला जाऊन आले असते. गेले तीन आठवडे आमच्यात नीट बोलणे नाही. मी घाई केली का, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे.

धारकरी

आपण घाई केली नाही. माझ्या मते आपण चाळीस मिनिटे उशीर केला.

परतीची वेळ ही चढणाऱ्याच्या दमावर ठरत नाही, बर्फावर ठरते. रात्रीच्या थंडीत वरचा थर गोठून कडक होतो आणि क्रॅम्पॉनचे दात त्यात घट्ट धरतात. ऊन चढले की तोच थर ओला होतो, दातांखाली बर्फाचे गोळे चिकटतात, पाय रुततात आणि उतारावरचा ओला थर सुटून खाली येण्याची शक्यता वाढते. हिमस्खलने सर्वाधिक होतात ती साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारांवर, म्हणजे नेमकी अशा शिखरांची वाट जाते त्याच उतारांवर. निरभ्र आकाश पाहून आपल्या मित्राला धीर आला, पण जूनमधल्या सकाळी निरभ्र आकाश म्हणजे बर्फ लवकर मऊ होणार, असा त्याचा अर्थ आहे. नऊची वेळ ठरवताना मार्गदर्शकांनी चढण नव्हे, उतरण मोजली होती.

त्यांनी तो निर्णय आपल्यावर सोपवायला नको होता, हे मात्र स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. पहिल्यांदाच बर्फावर आलेल्या माणसाला माथा दिसत असताना विचारणे म्हणजे उत्तर ठरलेलेच असते. उतरताना बर्फ कसा होता?

आडवाट

पहाटे जिथे क्रॅम्पॉनचे दात जेमतेम रुतत होते, तिथे उतरताना गुडघाभर पाय जात होते. वरच्या खडकांपासून सुटलेले बर्फाचे गोळे गुंडाळीसारखे मोठे होत आमच्या वाटेवरून खाली जात होते. आम्ही त्यांचे फोटो काढले. ती धोक्याची खूण आहे, हे आता आपले उत्तर वाचून कळते आहे.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे आणि स्वतः चार-पाच वेळा हिमालयात गेलो आहे. पट्टा न लागणे हे गारठलेल्या बोटांमुळे होऊ शकते, थकव्यामुळेही होऊ शकते. परंतु पट्टा लोंबत असताना "लावला की" असे म्हणणे हे बोटांचे काम नाही. उंचीवर डोकेदुखीच्या जोडीला असा गोंधळ किंवा तोल जाणे दिसले, तर मेंदूला सूज येत आहे असेच धरून चालावे लागते. त्या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. खात्री करून घेण्याचे साधन तिथे नाही, आणि यावरचा उपाय तातडीने खाली उतरणे हाच आहे. अशा व्यक्तीला तासभर बर्फात बसवून ठेवणे, तेही प्रथमच बर्फावर आलेल्या मैत्रिणीच्या भरवशावर, हा पर्यायच नव्हता.

छावणीत सपाट जागी, क्रॅम्पॉन काढून, टाचेला चवडा लावत सरळ रेषेत दहा पावले चालायला लावावे. ज्याचा तोल जातो त्याने निघू नये. डोकेदुखी कोणी आपण होऊन सांगत नाही. प्रत्येकाला निघण्यापूर्वी विचारावी लागते.

रानवारा

मला आपल्या मित्राची बाजू थोडी पटते. तगड्या दोघांनी पुढे जाणे मुळातच चूक आहे असे नाही, पण त्यासाठी दुसरा मार्गदर्शक हवा होता. चार नवख्यांमागे एकच मार्गदर्शक असेल तर एकाची तब्येत बिघडताच चौघांचीही चढाई संपते, आणि हे मनालीत पैसे भरण्यापूर्वीच ठरलेले असते. मित्राचा राग त्या हिशेबावर असावा, आपल्यावर नव्हे.

धारकरी

वरच्या मताशी सहमत आहे. मित्राला एक सांगावेसे वाटते. 1960 साली एव्हरेस्टवर गेलेल्या भारतीय मोहिमेतले नवांग गोम्बू, सोनम ग्यात्सो आणि नरेंद्र कुमार शिखराच्या सुमारे 200 मीटर खालून वाऱ्यामुळे परतले. 1962 सालच्या मोहिमेत ग्यात्सो पुन्हा गेले, मोहनसिंग कोहली त्यांच्याबरोबर होते, आणि तेही माथ्याच्या खालूनच परतले. पुढे 1965 साली कोहलींच्या नेतृत्वाखाली नऊ जण माथ्यावर पोहोचले, त्यांत गोम्बू आणि ग्यात्सो दोघेही होते. ते मुरलेले गिर्यारोहक होते, आपली त्यांच्याशी तुलना नाही. पण परत फिरलेल्यांनाच पुढची मोहीम काढता आली.

जमल्यास चौघांनी मनाली, उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या संस्थेतून सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम करावा. एका दिवसाच्या सरावाने आइस अ‍ॅक्स हातात येते. घसरताना ती आपोआप बर्फात रोवली जाण्यासाठी शेकडो वेळा पडावे लागते.

आडवाट

सर्वांची आभारी आहे. हा धागा मी मित्राला वाचायला दिला. त्याने गोळ्यांचे ते फोटो पुन्हा उघडून बराच वेळ पाहिले, आणि रात्री मैत्रिणीला फोन करून डोके कधीपासून दुखत होते ते विचारले. ते छावणीतूनच दुखत होते; आपल्यामुळे सगळ्यांची चढाई बुडेल म्हणून ती बोलली नव्हती. पुढच्या वर्षी दोन मार्गदर्शक घ्यायचे ठरले आहे, आणि परतीच्या वेळेचा गजर चौघांच्याही घड्याळांत लावायचा, हे त्यानेच सुचवले.