हिमोफिलिया ए, वय १७, सोलापूर: ट्रायल कशी शोधायची आणि नाव कसं घालायचं?

बाळीवेस
भाचा, वय १७, वजन ५० किलो. फॅक्टर आठ (रक्त गोठवणारं प्रथिन) १ टक्क्याच्या खाली. रक्तस्राव झाला की फॅक्टर घेतो, नियमित काही चालू नाही. डावा गुडघा सारखा सुजतो. इनहिबिटरची (फॅक्टर निकामी करणारी अँटिबॉडी) तपासणी २०२२ नंतर केलेली नाही. सीटीआरआयवर (ट्रायलच्या नोंदणीची सरकारी वेबसाइट) शोधलं की यादी निघते, पण त्यातलं आपल्या उपयोगाचं कुठलं ते कळत नाही. पैसे भरावे लागतात का?

होटगी_रोड
पैसे लागत नाहीत. भाग घेण्यासाठी कुणी एक रुपया मागितला तरी तिथून परत फिरा.

शोधताना हिमोफिलिया हा शब्द इंग्रजीत ब्रिटिश आणि अमेरिकन अशा दोन्ही स्पेलिंगनं टाका, नाहीतर काही नोंदी सुटतात. नोंद उघडली की आजाराचा कोड बघा: डी६६ म्हणजे फॅक्टर आठ, डी६७ म्हणजे नऊ. मग भरतीची स्थिती. ती दोनदा लिहिलेली असते, एकदा जगाची, एकदा भारताची. आपल्याला भारताचीच ओळ बघायची. तिथं ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ असेल तर केंद्रांच्या यादीवर या. हॉस्पिटल, मुख्य संशोधक डॉक्टर आणि फोन तिथंच असतो. प्रत्येक केंद्राच्या एथिक्स कमिटीसमोर ‘अप्रूव्ह्ड’ आहे का तेही तपासा. नुसतं ‘सबमिटेड’ असेल तर त्या केंद्रात अजून कुणालाच घेता येत नाही.

नोंद शेवटची कधी बदलली ती तारीख बघायला विसरू नका. जुनी असेल तर पानावर ‘ओपन’ आणि प्रत्यक्षात जागा भरलेल्या, असं सर्रास होतं. म्हणून आधी फोन. स्टडी कोऑर्डिनेटरला मागा आणि थेट विचारा: तुमच्या केंद्रात जागा आहे का, १७ वर्षांचा चालतो का, इनहिबिटर असलेले घेता की नसलेले?

नळी_निळी
त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडंच नाही, दादा. आधी ती तपासणी करा. इनहिबिटर बेथेस्डा युनिटमध्ये मोजतात, ५ च्या खाली कमी आणि ५ किंवा वर जास्त. कुठल्या ट्रायलचं दार उघडं आहे ते बहुतेक यावरच ठरतं.

रक्त कसं घेतात याकडं लक्ष ठेवा. निळ्या झाकणाची नळी, ३.२ टक्के सायट्रेट, ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट. २.७ मिली रक्ताची नळी असेल तर रेषेपर्यंत भरलीच पाहिजे. अर्धवट भरली की सायट्रेट जास्त होतं आणि एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) उगाच लांबलेला येतो. चार तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करावा लागतो, उशीर झाला की फॅक्टर आठ खरा आहे त्याहून कमी दिसतो. त्यामुळं नळी एसटीनं कुणाबरोबर पाठवू नका, मुलालाच घेऊन जा. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) एनआयआयएच ही रक्ताच्या आजारांची संस्था आहे, तिचं कामच हे. आधी वेळ घ्या, रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडा, दादरला उतरा. शेवटचा फॅक्टर घेतल्यावर किती दिवस थांबायचं ते त्यांना फोनवर विचारून घ्या.

आणि वही. बऱ्याच ट्रायलना मागच्या सहा महिन्यांतले रक्तस्राव कागदावर लागतात. ‘महिन्यातून दोनतीनदा होतं’ हे तोंडी चालत नाही. एक नोंद अशी: १२ मार्च, सकाळी ७, डावा गुडघा, मार नाही, आपोआप, ५०० युनिटच्या ३ बाटल्या, ७.४० ला, सूज दुसऱ्या दिवशी दुपारी उतरली. बाटलीवरचं बॅच नंबरचं लेबल काढून शेजारी चिकटवा. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची (रक्तस्राव कमी करणारी) गोळी घेतली तरी लिहा.

बाळीवेस
वही आजपासून सुरू. संमतीपत्रावर सही कुणाची? आणि नव्या इंजेक्शनांचा नेमका धोका काय, ताईंना समजेल असं सांगा.

होटगी_रोड
१८ पूर्ण होईपर्यंत आई किंवा वडिलांची सही, त्याचा स्वतःचा होकार वेगळ्या कागदावर. मध्येच १८ चा झाला तर त्याची संमती नव्यानं. औषध नवं आणि मूल अल्पवयीन असेल तर ट्रायलच्या २०१९ च्या नियमांप्रमाणं संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं, घाबरू नका. मराठी प्रत मागा, घरी आणून वाचा, सहीची घाई करू देऊ नका. ट्रायलमुळं इजा झाली तर उपचार फुकट करावे लागतात, हे कागदावर दिसलंच पाहिजे. ट्रायल संपल्यावर औषध चालू राहणार का, हे मात्र स्पष्ट विचारा. दोन वर्षं गुडघा शांत राहिला आणि मग औषध बंद, हा धक्का घरच्यांना सोसत नाही. केंद्र पुण्यात असेल तर अडीचशे किलोमीटर, सुरुवातीच्या फेऱ्या जास्त असतात, तेव्हा दोघांचं भाडं आणि बुडालेली मजुरी मिळणार का तेही आधीच बोला. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत याला जागा आहे. मन बदललं तर कधीही बाहेर पडता येतं, पण कळवून, कारण शेवटच्या तपासण्या त्याच्याच भल्याच्या असतात.

नळी_निळी
धोका गुठळीचा. फिटुसिरान, कॉन्सिझुमॅब ही औषधं फॅक्टर भरून देत नाहीत, रक्त गोठण्यावरचा शरीराचा ब्रेक सैल करतात. त्यावर नेहमीसारखा भरपूर फॅक्टर दिला की उलट गुठळी होऊ शकते. २०१७ मध्ये फिटुसिरानच्या ट्रायलमध्ये एक रुग्ण मेंदूच्या शिरेत गुठळी होऊन दगावला. २०२० मध्ये कॉन्सिझुमॅबच्या ट्रायल गुठळ्यांमुळंच थांबवल्या होत्या. दोन्ही पुन्हा सुरू झाल्या त्या रक्तस्रावाच्या वेळी द्यायच्या औषधाची मात्रा कमी करून. एमिसिझुमॅबचं (फॅक्टर आठचं काम करणारं इंजेक्शन) वेगळं: त्यावर एपीसीसी (इनहिबिटर असलेल्यांना रक्तस्रावात देतात ते औषध) एका दिवसात किलोमागं एकूण १०० युनिटच्या वर देऊ नये, आणि त्यावर असताना एपीटीटी नॉर्मल दिसतो, म्हणून साध्या रिपोर्टवर विसंबायचं नाही.

म्हणून रात्री दोन वाजता गुडघा भरला तर जवळच्या दवाखान्यात आधी ट्रायलचं कार्ड दाखवायचं, केंद्राला फोन लावायचा, मगच सुई. कार्ड मुलाच्या खिशात हवं, आईच्या पर्समध्ये नको. औषध घरी देत असतील तर २ ते ८ अंश. सोलापूरचा एप्रिल-मे लक्षात घेऊन पुण्याहून येताना आइसबॉक्स, पण बाटली बर्फाला टेकू देऊ नका, गोठली की टाकूनच द्यावी लागते.

होटगी_रोड
कुणी जीन थेरपीचं (चांगलं जनुक शरीरात घालायचा उपचार) डोक्यात घातलं तर तेवढं सांगून ठेवतो. वेल्लोरच्या सीएमसीतला ५ रुग्णांचा अभ्यास डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, सगळे प्रौढ होते. त्यात रुग्णाच्याच मूळ पेशी काढून, जनुक घालून परत देण्याआधी केमोथेरपी द्यावी लागते, त्यामुळं पुढं मूल होण्याबद्दलचं बोलणं आधी करावं लागतं. दुसऱ्या, एएव्ही विषाणूतून जनुक पोचवायच्या पद्धतीत त्या विषाणूविरुद्ध रक्तात आधीच अँटिबॉडी असतील तर बहुतेक ट्रायल घेत नाहीत, आणि एकदा घेतली की तीच पुन्हा घेता येत नाही. १८ पर्यंत हा विषय बाजूला ठेवा. या महिन्यात इनहिबिटरची तपासणी तेवढी करून घ्या.