मदत हवी आहे: ड्यूस अँड अ हाफ घरच्या गॅरेजात कसा बसवावा?

बकआयकर: अमेरिकन लष्कराचा एम३५ए२ ट्रक, म्हणजेच 'ड्यूस अँड अ हाफ' (अडीच टनी), लिलावात घेतलाय. शनिवारी ट्रेलरवरून दारात येईल. गॅरेज दोन गाड्यांचं, दार आठ फुटी. कागदावर ट्रकची उंची ११२ इंच दिली आहे, म्हणजे सोळा इंच कमी पडताहेत. टायरमधली हवा सोडली तर किती खाली बसेल? आणि दारावरचा बीम वर सरकवून घ्यायला किती दिवस लागतात? 'बाहेरच उभा करा' हा सल्ला नको, आमच्या एचओएला (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेला) चालत नाही. लवकर सांगा.

नटबोल्ट: ११२ इंच ही हौद्यावरच्या ताडपत्रीची, कमानींसकट उंची आहे. कमानी खाचांतून उपसून काढता येतात, त्यामुळे हा आकडा तुमच्या कामाचा नाही. आधी हे सांगा: केबिनला कापडी छत आहे की पत्र्याचं? पुढे विंच (केबल गुंडाळून ओढायचं यंत्र) आहे का? दार आठ फुटी म्हणजे उंचीला की रुंदीला? गॅरेज आत किती खोल आहे?

बकआयकर: उंचीला आठ. रुंदी सोळा फूट, ती अडचण नाहीच. छत कापडी. हवेचं कोणीतरी सांगा.

पंक्चरवाला: हवा सोडू नका. ९.००-२० चे नायलॉनचे टायर आहेत, त्यांच्या भिंती इतक्या कडक की ट्रक चालवण्याजोगा ठेवून इंच-दीड इंचाहून जास्त मिळणार नाही. त्यापेक्षा खाली गेलात तर टायर रिमवर सरकतो आणि आतल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. खरा धोका पुढेच आहे. या रिमला लॉक रिंग, म्हणजे टायर रिमवर अडकवून धरणारी वेगळी पोलादी कडी, असते. कमी हवेवर चाक फिरलं की रिंग जागेवरून किंचित हलते, आणि परत हवा भरताना ती उडाली तर जवळचा माणूस वाचत नाही. ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर असा टायर चालला असेल, तर तो उतरवून रिंग तपासल्याशिवाय पुन्हा भरायचा नाही, असा ओशाचा (अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा खात्याचा) नियम आहे. भरायचा तो पिंजऱ्यात ठेवून, क्लिपचा नोझल आणि लांब नळी लावून, बाजूला उभं राहून. दीड इंचासाठी दहा टायरांचं हे काम कोण करणार?

शटरसम्राट: दाराला हाय-लिफ्ट ट्रॅक (दार जास्त उंच नेणारे रूळ) टाका. दार छताला चिकटून वर जातं. मोटर भिंतीवर, स्प्रिंगच्या दांड्याच्या टोकाला बसवायची, म्हणजे मधली मोटरची रेलही जाते. मी सगळ्यांना हेच सांगतो.

नटबोल्ट: त्याने दार वर जाईल, भोक मोठं होणार नाही. ट्रकला अडवतो तो बीम, आणि तो आहे तिथेच राहतो. हाय-लिफ्ट उपयोगी पडतो तो आतलं छत दारापेक्षा बरंच उंच असेल तेव्हा.

उंचीचं काम असं करा. हौद्यावरची ताडपत्री आणि कमानी काढा. बाजूच्या लाकडी जाळ्या, म्हणजे जवानांच्या बसायच्या बाकांसकट जे रॅक असतात, तेही उपसून काढा. लोक हे विसरतात आणि रॅकच बीमला लागतात. केबिनचं कापड सोडवून त्याची कमान काढा. पुढच्या काचेच्या चौकटीचे दोन्ही बाजूंचे खटके सोडा आणि चौकट बॉनेटवर पुढे पाडा. खाली रबर घाला आणि पट्ट्याने बांधा, नाहीतर धक्क्याने काच तडकते. उजवीकडचं उभं धुराडं क्लॅम्प सैल करून काढा, इंजिन गार असताना. उरते ती स्टिअरिंगच्या चाकाची उंची, साधारण ८१ इंच. तुमच्या ट्रकवर स्वतः मोजा.

बॉबर: एवढा खटाटोप कशाला? ट्रक बॉब करून टाका, म्हणजे कापून आखूड करा. मागच्या दोन ॲक्सलपैकी एक काढायचा, चासी आखूड करायची, बारा फुटी हौदा कापून आठ फुटी करायचा. चार फूट वाचतात, वळायलाही सोपा होतो.

मूळरूप: लिलावातून आलेला चांगला ट्रक गॅरेजसाठी कापायचा? मागचे दोन ॲक्सल मधल्या एकाच खुंटावर झुलतात, पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) दोघांना सामाईक. एक काढला की ती सगळी रचना जाते. नवे पाटे आणि त्यांचे हँगर चासीवर बसवावे लागतात, प्रोपेलर शाफ्ट बदलतो, ब्रेकचा तोल बदलतो. हे शनिवारपर्यंत होणारं काम नाही. आणि एकदा कापलेला हौदा परत मूळ होत नाही.

बॉबर: समोरच्या ॲक्सलचेच पाटे दुसऱ्या भंगार ट्रकमधून घेऊन मागे लावतात, बरोबर बसतात. असे शेकडो ट्रक रस्त्यावर आहेत.

मूळरूप: रस्त्यावर आहेत म्हणून मूळ ट्रकची किंमत कमी होत नाही.

जबलपूर_प्रेमी: आपल्याकडचा शक्तिमान हा लष्करी ट्रक याहून सरस होता. जर्मनीच्या 'मान' (MAN) कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनायचा. कोणाला त्याच्या इंजिनाचे सुटे भाग कुठे मिळतात हे माहीत असेल तर लिहा.

नटबोल्ट: वेगळा धागा काढा, तिथे बोलू. बकआयकर, गॅरेज किती खोल आणि विंच आहे का, हे सांगायचं राहिलंय.

तुळई: मी घरांच्या स्ट्रक्चरचं काम करते, म्हणून बीमबद्दल. दारावरचा बीम 'सरकवता' येत नाही. सोळा फुटी दारावर साधारणपणे एलव्हीएलचा (लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेला) जोड बीम असतो, तो दोन्ही टोकांना आखूड खांबांवर टेकलेला असतो आणि वरचा भार खाली आणतो. शिवाय दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीचे जे अरुंद पट्टे उरतात, तेच वाऱ्याच्या आडव्या जोराला घर धरून ठेवतात. बीम वर नेलात तर ते पट्टे उंच आणि नाजूक होतात. परवाना, इंजिनिअरची सही, तात्पुरते टेकू, सगळं लागतं. तीन गोष्टी सांगा: गॅरेजवर खोली आहे का? फरशीखाली तळघर आहे का? ड्राइव्ह-वेचा उतार घराकडे आहे की रस्त्याकडे?

बकआयकर: वर बेडरूम आहे. तळघर घराखाली आहे, गॅरेजखाली नाही. रस्ता उंचावर आहे, ड्राइव्ह-वे घराकडे उतरतो, दहा फुटाला फूटभर. रबराची पट्टी धरून दाराची मोकळी उंची ९५ आणि पाव इंच. आतली खोली २२ फूट ५ इंच. विंच आहे. पण प्रश्न उंचीचा आहे, हे सगळं कशाला?

तुळई: वर बेडरूम असेल तर बीमचा विषय सोडा. तळघर नाही हे बरं झालं. जमिनीवर टेकलेली चार इंची फरशी उभ्या ट्रकला पुरते: रिकामा ट्रक सुमारे १३,००० पौंडांचा, आणि भार दहा टायरांवर वाटला जातो. फरशी फुटते ती दारापाशी, जिथे तिची कड उघडी असते, आणि जॅकखाली. जॅक लावाल तिथे जाड पोलादी पट्टी आणि खाली लाकडी ठोकळे हवेत.

उतार मात्र तुमच्या विरोधात आहे. पुढची चाकं आत सपाटीवर आणि मागची चढावर असताना ट्रकचा मधला भाग दाराशी जमिनीपासून उचलला जातो. या ट्रकच्या पुढच्या धुरीपासून मागच्या जोडीच्या मध्यापर्यंत १५४ इंच आहेत. दहा टक्के उतारावर, पुढच्या धुरीमागे पाच फुटांवरचं स्टिअरिंग दारातून जाताना साडेतीन इंचांहून थोडं जास्त उचललेलं असेल. ८१ आणि पावणेचार धरा, म्हणजे पावणेपंच्याऐंशी. वर साडेदहा इंच मोकळे राहतात. उंचीची चिंता संपली.

नटबोल्ट: आता खरी अडचण, लांबी. विंचसकट एम३५ए२ सुमारे २७८ इंच भरतो. तुमची खोली २६९ इंच. नऊ इंच ट्रक बाहेर, दार लागणारच नाही. त्यासाठीच विचारत होतो.

विंच आणि त्यामागचे ब्रॅकेट काढून साधा बंपर लावलात तर लांबी २६४-२६५ इंचांवर येते. काढताना आधी पीटीओचा (इंजिनाची ताकद विंचला देणाऱ्या जोडणीचा) लिव्हर न्यूट्रलला ठेवून अडकवा. मग विंचकडे जाणारा शाफ्ट सोडवा. विंचच्या टोकाला त्याची शिअर पिन (जास्त ताण आला की मुद्दाम तुटणारी खिळी) असते, ती सांभाळून ठेवा. केबल पूर्ण गुंडाळून हुक बांधा. विंच जड आहे, हातांनी उचलायला जाऊ नका, दोन टनी इंजिन-होइस्ट लावा. हे सगळं बाहेर, सपाट जागेवर. मागचा पिंटल हुकही (ट्रेलर ओढायचा हुक) काढता येतो: कॉटर पिन काढा, मोठा नट सोडा, हुक मागे ओढा.

शटरसम्राट: चार इंच शिल्लक राहून काय उपयोग? भोवती फिरता येणार नाही.

नटबोल्ट: बाजूंनी फिरता येतं, दार सोळा फुटी आहे आणि ट्रक आठ. पण एका बाजूला चिकटून लावावा लागेल, आणि या ट्रकला पॉवर स्टिअरिंग नाही. म्हणून सरळ रेषेत या, आरसे दुमडा. हवेचा दाब पूर्ण भरल्याशिवाय उतारावर येऊ नका. ब्रेक हवेच्या मदतीने हायड्रॉलिकला जोर देतात, हवा नसेल तर पेडल दगडासारखं लागतं. ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) लो-रेंजला टाका, पहिल्या गिअरला, ॲक्सिलरेटरला पाय न लावता. आत एक माणूस उभा करा, पण ट्रक आणि मागची भिंत यांच्यामध्ये कधीच नाही. त्याच्या हातात हॉर्न द्या, या इंजिनापुढे हाक ऐकू येत नाही. भिंतीच्या अलीकडे लाकडी ठोकळे आधीच फरशीला बोल्टने बसवा.

बॅटरीबाबा: हिवाळ्यात उभा राहणार असेल तर लक्षात ठेवा, सिस्टिम २४ व्होल्टची आहे, १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. रेडिओसाठी एकाच बॅटरीतून १२ व्होल्ट काढू नका, एक उपाशी आणि एक जास्त भरलेली राहते.

बकआयकर: बॅटरीचं विचारलं नव्हतं, पण ठीक. मागच्या भिंतीला वॉटर हीटर आहे, कोपऱ्यात. ती भिंत पुढे सरकवता येईल का?

तुळई: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! हीटर ट्रकच्या नाकासमोर येत असेल तर २६९ इंच तुमच्याकडे नाहीतच. पूर्ण भिंत सरकवू नका, वरची बेडरूम तिच्यावर टेकली असणार. फक्त बॉनेटपुरता, नऊ फूट रुंद आणि चार फूट खोल असा बाहेर काढलेला भाग करता येतो: भिंतीत बीम, बाहेर उतरतं छत, आणि पाया गोठणरेषेच्या (हिवाळ्यात जमीन गोठते त्या खोलीच्या) खाली. परवाना लागतोच. शनिवारी ट्रक झाकलेल्या भाड्याच्या जागेत उतरवा आणि एचओएकडे बाहेर काढलेल्या भागाचा नकाशा आधी द्या. ते बांधकाम नाकारतील तर ट्रकचा प्रश्न त्याआधीच सुटलेला बरा.

मूळरूप: आणि विंच विकू नका, तेल लावून गुंडाळून ठेवा.

बकआयकर: हीटर डाव्या कोपऱ्यात आहे, ट्रक उजवीकडे लावला तर नाक त्याच्या बाजूने जातं. दोघांमध्ये १४ इंच राहतात. म्हणजे आधी विंच काढतो, बाहेरचा भाग पुढच्या वर्षी. भाड्याची जागा शोधतोय.

तुळई: चालेल. हीटरपुढे पोलादी खांब मात्र रोवा.

नटबोल्ट: आणि स्टिअरिंगची उंची विंच काढल्यावरच मोजा. समोरचं वजन गेलं की पुढचे पाटे उघडतात, नाक वर येतं. आधीचं माप धरून आत शिरू नका.