खिद्रापुरातील मातीच्या घराची दुरुस्ती : परवानगी आणि गिलावा

प्रश्न
कोल्हापूर जिल्ह्यात कृष्णाकाठी असलेल्या खिद्रापुरात, प्राचीन कोपेश्वर मंदिराच्या जवळच्याच गल्लीत आमचे आजोबांच्या काळातील घर आहे. दगडी जोते, पांढऱ्या मातीच्या भिंती, पुढे सोपा (ओसरी), आत माजघर आणि वर कौले, असा साधा बांधा. २०१९ च्या महापुरात सोप्यात छातीएवढे पाणी होते. ते ओसरल्यावर आम्ही घाईने भिंतींना खालून चार फूट सिमेंटचा गिलावा केला. आता बोटाने ठोकले की तो पोकळ वाजतो आणि जिथे सुटला आहे तिथे मागची माती भुग्यासारखी हातात येते. गवंडी म्हणतो, पाडून स्लॅब टाका. गावात सांगतात, मंदिराजवळ खिळासुद्धा ठोकता येत नाही. यातले खरे काय धरावे?

उत्तर १
दोन्ही पूर्ण खरे नाही. मंदिर केंद्रीय संरक्षित स्मारक असल्याने १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार त्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे, आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन बांधता येते. मात्र १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी मनाईच्या पट्ट्यातही सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा परवानग्यांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो. म्हणून घर आधी पाडू नका. पाडलेत तर दुरुस्तीचा मुद्दाच उरत नाही आणि हाती फक्त मोकळी जागा राहते. घर १९९२ पूर्वीचे आहे हे दाखवायला घरपट्टीच्या जुन्या पावत्या शोधून ठेवा. हा नियम जाचक वाटतो खरा, पण मंदिराच्या अठ्ठेचाळीस खांबांच्या स्वर्गमंडपात उभे राहून छताच्या गोल झरोक्यातून वर पाहिले की भोवती तीन मजली इमारती का नकोत, हे समजते.

उत्तर २
परवानगीचे वर आलेच आहे, मी भिंतीपुरते लिहितो. मातीची भिंत जमिनीतील ओल वर ओढते आणि ती वाऱ्यावर सुकते. सिमेंटने तिची वाट बंद झाली की ओल आतच राहते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो आणि माती भुसभुशीत होते. तुमचे नेमके तेच झाले आहे. तो गिलावा अलगद काढा, भिंतीला एक उन्हाळा पूर्ण सुकू द्या, पडलेला भाग त्याच मातीने भरा आणि मगच मुरवलेल्या चुन्याचा गिलावा करा. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधायला वेळ लागेल, तेवढा द्यावा.

उत्तर ३
चुन्याविषयी सहमत, परंतु कृष्णाकाठी एक गोष्ट विसरता येत नाही: पाणी काही दिवस तुंबले तर चुन्याच्या गिलाव्यामागची मातीही विरघळते. आमच्या शेजारची भिंत २०१९ मध्ये अशीच बसली. शक्य असेल तर पुराच्या खुणेपर्यंत दगडी बांधणी घ्यावी आणि तसा उल्लेख अर्जातच करावा, कारण मागाहून केलेला बदल मान्य होईलच असे नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पुराची खूण दाराच्या चौकटीवर अजून आहे. ती मोजून, घराची छायाचित्रे काढून अर्जाला जोडतो. गवंड्याला तूर्त थांबवले आहे.