पालकांना शिकवल्याने मुलांचे खरोखर भले होते का? ऊसतोडीच्या गावातून एक प्रश्न

शाळा समिती, बीड जिल्हा

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचे काम मी पाहतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी असा नियम आहे, आणि यंदा त्या पैशाचे काय करायचे यावरून ग्रामसभेच्या आधीच गावात दोन तट पडले आहेत. मुख्याध्यापकांच्या मते पालकांसाठी नियमित वर्ग सुरू करावेत. सरपंच आणि काही सदस्यांच्या मते अंगणवाडीच्या भिंती रंगवून खेळणी घ्यावीत, कारण केलेले काम निदान दिसते तरी.

माझी अडचण दुहेरी आहे. गावातील बरीच कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला कोयत्यावर जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. तोवर शाळकरी मुले आजी-आजोबांकडे राहून हंगामी वसतिगृहाच्या योजनेत शाळेत जेवतात. म्हणजे ज्यांना शिकवायचे ते पालक ऐन शाळेच्या दिवसांत गावातच नसतात. दुसरे असे की, मागे एका वक्त्यांना बोलावले होते. त्यांनी संस्कारांवर लांबलचक भाषण केले, मोबाईलला यथेच्छ शिव्या घातल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे पालथ्या घड्यावर पाणी ठरले. पालकांच्या शिक्षणाने मुलांची वाढ, अभ्यास आणि वागणूक सुधारते याला काही आधार आहे का? असल्यास हे वर्ग कोणासाठी आणि कसे घ्यावेत?

निवृत्त मुख्यसेविका, छत्रपती संभाजीनगर

दादा, भाषण आणि पालक शिक्षण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आधी ग्रामसभेत सांगा. आमच्या जिल्ह्यात आणि यवतमाळमध्ये एकात्मिक बालविकास योजनेतून 'आरंभ' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. त्याला युनिसेफचे आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे साहाय्य होते, आणि भर होता तो जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांशी घरच्यांनी कसे बोलावे, कसे खेळावे यावर. त्यात गावोगाव पालक मेळावे होत. मेळाव्यात कोणी माईक हातात घेऊन बोलत नसे. सतरंज्यांवर वेगवेगळे कोपरे मांडलेले असत आणि आई, बाप, आजी, आजोबा यांनी मुलाला घेऊन एकेका कोपऱ्यात बसायचे असे.

एका मेळाव्यातील आजोबा मला चांगले आठवतात. पागोटे, पांढऱ्या मिशा, मांडीवर दीड वर्षाची नात. त्यांच्यापुढे तीन वाट्या पालथ्या घातल्या होत्या आणि एकीखाली चिंचोका लपवला होता. पोरीने चुकीची वाटी उचलली की आजोबा लगेच बरोबर वाटी उघडून दाखवत, कारण नात हरू नये असे त्यांना वाटे. आमच्या अंगणवाडी सेविकेने त्यांचा हात हलकेच धरला आणि म्हणाली, "बाबा, जरा दम धरा, तिला शोधू द्या." पुढच्या खेपेला ते थांबले. पोरीने दोन वाट्या उलटल्या, तिसरीखाली चिंचोका सापडल्यावर आजोबांच्या तोंडाकडे पाहून खिदळली, आणि आजोबांनी तिचे कौतुक केले. थांबणे, मुलाला करू देणे आणि केल्यावर दाद देणे ही तीन कामे त्यांनी स्वतःच्या हाताने केली होती, म्हणून ती घरी टिकण्याची शक्यता अधिक. हीच गोष्ट व्यासपीठावरून सांगितली असती तर आजोबांनी मान डोलावली असती, एवढेच.

तुमच्याकडे आई-वडील नसतात म्हणता, तर वर्ग आजीसाठी घ्या. मूल ज्याच्या हाती आहे तो पालक.

गोदाकाठ, परभणी

माझे मत थोडे कडू आहे. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी जे जोडपे पहाटे फडात उतरते आणि ज्यांचे तान्हे पोर पाचटावर निजलेले असते, त्यांना "मुलांना वेळ द्या" असे शिकवणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण परभणी आणि बीड या दोन्ही जिल्ह्यांत ४० टक्क्यांच्या वर होते, तर राज्याचे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास. सतराव्या वर्षी आई झालेल्या मुलीला पालकत्वाचे धडे देण्याआधी तिला शाळेत ठेवणारी व्यवस्था हवी. नाहीतर मजुरी, पाणी, दवाखाना हे सारे प्रश्न बाजूला राहतात आणि मुलाच्या कुपोषणाचे खापर आईच्या अज्ञानावर फुटते. हे मी कार्यालयांतून अनेकदा पाहिले आहे.

समुपदेशक, लातूर

परभणीकरांचा आक्षेप रास्त आहे, पण त्यातून वर्ग घेऊच नयेत असा निष्कर्ष निघत नाही. आधी पुराव्याविषयी लिहितो, कारण मूळ प्रश्न तोच आहे.

या विषयातील सर्वांत जास्त काळ मागोवा घेतलेला प्रयोग जमैकातील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांमध्ये १९८६-८७ साली सुरू झाला. वयाच्या मानाने उंची खुंटलेली, ९ ते २४ महिन्यांची १२९ मुले निवडून त्यांचे चार गट केले गेले: एका गटाला पूरक आहार, दुसऱ्याच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर भेट, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला यांपैकी काहीच नाही. भेट देणाऱ्या बाया आपल्या आशाताईंसारख्या आरोग्यसेविका होत्या. घरात सापडणाऱ्या वस्तूंची खेळणी करून मुलाशी कसे खेळावे, हे त्या आईला करून दाखवत आणि मग आईकडून करवून घेत. हे दोन वर्षे चालले. ही मुले २२ वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्या घरी भेटी झाल्या होत्या त्यांची कमाई भेटी न झालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आढळली, तर नुसत्या आहाराचा असा दीर्घकालीन परिणाम कमाईवर दिसला नाही. लक्षात घ्या, ती कुटुंबे गरीबच होती आणि कार्यक्रमाने त्यांची गरिबी हटवली नव्हती. गरिबी हटेपर्यंत मुलाचे पहिले हजार दिवस, म्हणजे गर्भापासून दोन वर्षांचे होईपर्यंतचा काळ, थांबत नाहीत, म्हणून मजुरीची लढाई आणि पालकांचे वर्ग ही कामे एकाच वेळी करावी लागतात.

हाच कार्यक्रम पुढे ओडिशातील गावांत दोन तऱ्हांनी करून पाहिला गेला, एक घरोघरी जाऊन आणि दुसरी आयांचे गट जमवून. मुलांच्या विकासावर दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच दिसला आणि गटाचा खर्च बराच कमी आला. ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या रकमेचा विचार करता तुमच्या दृष्टीने ही सर्वांत कामाची माहिती ठरावी.

मोठ्या मुलांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत २ ते १७ वर्षांच्या मुलांच्या सर्व पालकांना असे शिक्षण सहज मिळावे, अशी त्यांत शिफारस आहे. त्याने घरातील मारहाण कमी होते आणि मुलांच्या वागणुकीच्या अडचणीही कमी होतात, हा तिचा आधार. मात्र कोणताही वर्ग चालतो असे नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, ७७ मूल्यमापनांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले की ज्या वर्गांत पालकांनी स्वतःच्या मुलाबरोबर तिथल्या तिथे सराव केला, त्यांचा परिणाम अधिक होता. वर ताईंनी आजोबांचा प्रसंग सांगितला आहे तो नेमका हाच सराव.

आता आमच्या लातूरचे थोडे सांगतो. इथे मराठवाडाभरातून मुले 'नीट'साठी येऊन खोल्या करून राहतात, आणि रात्री घरून येणाऱ्या फोनवर पहिला प्रश्न बहुधा "टेस्टमध्ये किती पडले?" हाच असतो. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी एकच सराव देतो: आठवडाभर पहिला प्रश्न जेवणाचा किंवा झोपेचा विचारायचा आणि गुण मुलाने आपणहून सांगेपर्यंत थांबायचे. वडिलांना हे फार जड जाते, एकाने तर "मग बोलायचे काय?" असे सरळ विचारले, आणि त्या प्रश्नावर आम्ही जे बोललो ते गुणांच्या चर्चेपेक्षा अधिक उपयोगाचे होते. तुमच्या गावातील आई-वडीलही फडावरून रात्री फोन करत असतील. त्या पाच मिनिटांत काय बोलावे, एवढे जरी निघण्याआधीच्या वर्गात करून घेतले तरी पुष्कळ झाले.

शाळा समिती, बीड जिल्हा

सर्वांचे आभार. ओडिशाची गटांची माहिती आणि आजी-आजोबांना धरण्याची सूचना मी ग्रामसभेत मांडणार आहे. एक शंका उरते. आमच्याकडील आजी-आजोबा सरळ म्हणतात, "आम्ही तुमच्या बापाला वाढवलं, आता आम्हाला काय शिकवता?" आणि छडीवर त्यांचा गाढ विश्वास आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलांना मारण्यास बंदी आहे हे आम्ही सांगतो, पण त्यावर "शाळेत नाही ना, मग घरी आम्ही बघू" असे उत्तर मिळते.

निवृत्त मुख्यसेविका, छत्रपती संभाजीनगर

कायद्यापासून सुरुवात करू नका, आजीपासून करा. पहिल्या बैठकीत तिला तिच्या ओव्या, तिचे खेळ, कडेवरच्या लेकराला निजवताना ती म्हणते ती गाणी विचारा. तिला येते तेच पुढे वर्गात वापरायचे आहे हे तिला कळले की तुम्ही शिकवायला आलात ही तक्रार उरत नाही. छडीचा विषय तिसऱ्या-चौथ्या बैठकीला येऊ द्या आणि तोही "पोरगं ऐकत नाही तेव्हा काय काय करून पाहिलं?" असा. बायाच एकमेकींना सांगतात की मारल्याने पोर तेवढ्यापुरते गप्प होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करते. मग एकेकीने काय बदलून पाहावे, हे तिथेच ठरवा आणि पुढच्या बैठकीत त्यावरूनच बोलणे सुरू करा.

व्यवहाराचे थोडे. बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवू नका आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी तर मुळीच नको; दिवेलागणीनंतर, जेवणाआधी, मारुतीच्या पारावर नव्हे तर अंगणवाडीत घ्या, म्हणजे सुना मोकळेपणाने येतील. टोळ्या निघण्याच्या आधी मुकादमांनाही एकदा बोलवा, कारण तान्ही लेकरे बरोबर नेणाऱ्या बायांना फडाजवळच्या गावातील अंगणवाडीत नाव घालता येते, हे त्यांनी सांगितले तर ऐकले जाते. उरलेल्या पैशात खुशाल भिंती रंगवा, सरपंचांचीही समजूत निघेल.